‘बाबांना विचार’

नैरोबी, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नका, मी बरी आहे. हे बाबांनी स्वतः वाचावं, मध्ये कुणी सांगायला नको, असं वाटलं. आई, तू नंतर वाच.

या आठवड्यात आमच्या संस्थेत दोन दिवस कार्यशाळा होती. आम्ही किबेराच्या वस्तीत धान्य वाटतो, पाण्याच्या टाक्या बसवतो, पण आमच्या रांगेत अपंग माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. ती का येत नाहीत, हाच विषय होता. शिकवणाऱ्या बाई जन्मापासून बहिऱ्या. त्या केनियाच्या खुणांच्या भाषेत बोलायच्या आणि दुभाषी ते इंग्रजीत सांगायचा. 2010 च्या राज्यघटनेनं ही भाषा किस्वाहिली आणि इंग्रजीच्या बरोबरीनं संसदेची अधिकृत भाषा केली आहे.

मला वाटलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावतील. बाईंनी ते साफ नाकारलं. पाच मिनिटांच्या पट्टीनं फक्त भीती कळते, वीस वर्षं अंध असलेली बाई घर कसं चालवते ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या. मला हे फार पटलं.

मग सहा प्रश्न शिकवले. ‘तुम्ही अपंग आहात का?’ असं विचारलं की लोक लाजेनं नाही म्हणतात. म्हणून विचारायचं, चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला? अंघोळ करायला, कपडे घालायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावायला? उत्तरं चारच: नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. एकाही प्रश्नाला ‘खूप’ किंवा त्याच्या पुढचं उत्तर आलं, तर त्या माणसाला मोजायचं. सरावासाठी मी तुमचे दोघांचे कागद भरले. आई, तुझे गुडघे ‘खूप’. बाबा, तुमचं ऐकणं ‘खूप’. आपल्या घरात ‘अपंग’ हा शब्द कधी निघालाच नाही. मागावर आयुष्य काढलेल्याचे कान जायचेच, एवढंच आपण म्हणत आलो.

शब्दांवर बाई बराच वेळ बोलल्या. किस्वाहिलीत माणसांच्या नावांचा एक गट असतो आणि वस्तूंचा दुसरा. खुर्ची म्हणजे ‘किटी’, चाकू म्हणजे ‘किसू’. आणि आंधळ्याला ‘किपोफू’, बहिऱ्याला ‘किझिवी’; वस्तूंच्याच साच्यातले शब्द. अपमान होणार नाही अशा शब्दांनी हाक मारली जाणं हा इथल्या घटनेच्या 54 व्या कलमानं अपंगांना दिलेला हक्क आहे. ऐकताना मला आपल्या गल्लीतला तो मुलगा आठवला. आपण सगळे त्याला ‘मुकं’ म्हणायचो. ‘मुकं आलं का गं?’ तो नाही, ते. त्याचं नाव काय होतं, आई? मला खरंच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मला एक शंका होती. मी दुभाष्याकडे वळून म्हणाले, “त्यांना जरा विचारा ना...” बाईंनी हात वर केला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. दुभाषी म्हणाला, “मी इथे आहे. माझ्याकडे बघून बोला.” ते शब्द त्याचे नव्हते, त्यांचे होते.

मी खाली बसले आणि मला फक्त आपले रविवारचे फोन दिसत राहिले. दोन वर्षं मी म्हणतेय, “आई, बाबांना विचार जेवले का. आई, बाबांना सांग गोळ्या घ्यायला.” बाबा, तुम्ही कॉटवर बसून कधी आईकडे, कधी फोनकडे बघत हसत असता. कपाटातलं यंत्र तुम्ही का लावत नाही, हेसुद्धा मी आईलाच विचारत राहिले. आणि गेल्या दिवाळीत दोन्ही माग भंगारात द्यायचं आई, दादा आणि मी फोनवर ठरवलं. बाबांना नंतर सांगू, असं मीच म्हणाले होते. एकतीस वर्षं ते माग तुम्ही चालवलेत आणि तुम्हाला कळलं ते दारात टेम्पो आल्यावर. बाबा, माझं चुकलं.

येत्या रविवारी तुमच्या साडेनऊला, माझ्या सातला, फोन करते. आई, फोन बाबांच्या समोर धर. मी खिडकीकडे तोंड करून बसेन, म्हणजे ओठ नीट दिसतील. ओरडणार नाही, सावकाश बोलेन, अडलं तर लिहून दाखवेन.

शेडमध्ये खडखडाटात तुम्ही कामगार हातवाऱ्यांनी बोलायचात, धागा तुटला, कांड्या संपल्या, चहा आला. बाईंना सांगितल्यावर त्यांनी उत्सुकतेनं ‘कांड्या संपल्या’ करून दाखव म्हटलं. मला तो हातवारा आला नाही. तो रविवारी दाखवा.

आणि एक विचारायचं राहिलंय. त्या दोनपैकी एक माग तुम्हाला ठेवायचा होता का? याचं उत्तर तुमच्याच अक्षरात पाठवा.

तुमची,
धाकटी