क्लाउडची जागा वाटा, खाते नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवा फोन चालू करून देताना दुकानातला मुलगा हमखास विचारतो, "वहिनी, घरात कोणाचा जीमेल आहे का?" वहिनी नवऱ्याचा नाहीतर दिराचा सांगतात, तिकडे कोड येतो आणि पाच मिनिटांत काम उरकते. आमच्या भागात कितीतरी बायकांचे, म्हाताऱ्या माणसांचे फोन असेच सुरू झाले आहेत. याचा पुढे काय परिणाम होतो, ते मात्र कोणी सांगत नाही.

फोटोंचा बॅकअप, म्हणजे फोटोंची प्रत आपोआप खात्यात साठवण्याची सोय, चालू असेल तर वहिनींनी काढलेला प्रत्येक फोटो खाते ज्याचे त्याच्याही फोनवर दिसू लागतो. साठवलेले नंबर, क्रोममधले पासवर्ड, यूट्यूबवर काय पाहिले, फोन या घडीला नकाशावर कुठे आहे, सगळे एकाच खात्यात. माझ्या नात्यातल्या एका मुलीने सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो काढून ठेवला. बातमी इतक्यात घरात सांगायची नव्हती. रात्री जेवताना दिराने विचारले, "वहिनी, पेढे कधी?" खाते त्याचे होते. त्याने काही चोरून पाहिले नव्हते, फोटो आपसूक त्याच्या फोनवर आला होता. दीर भला, म्हणून हसण्यावारी गेले.

"नवऱ्यापासून काय लपवायचंय?" हा प्रश्न ठरलेला. पण फोनमध्ये फक्त स्वतःचेच काही नसते. मैत्रिणीने घरातल्या मारहाणीच्या वळांचा फोटो विश्वासाने पाठवलेला असतो, बहिणीच्या पासबुकाचे पान असते. त्यांना कोणी विचारले होते?

आता क्लाउडच्या, म्हणजे फोनबाहेर इंटरनेटवर साठवणीसाठी मिळणाऱ्या जागेचे. गुगलच्या खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून 15 जीबी फुकट मिळतात. 1 जून 2021 पासून नवे फोटो त्यातच मोजले जातात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही. तीन-चार फोन जोडलेल्या खात्याला एवढी जागा कशी पुरणार? ती भरली की मेल येणे थांबते. मग कोणीतरी साफसफाईला बसतो आणि 'शुभ सकाळ'च्या चित्रांबरोबर बारशाचे व्हिडिओही उडवतो. क्लाउडवरून उडाले की सगळ्याच फोनवरून गेले. बॅकअप झालेले फोटो 60 दिवस ट्रॅशमध्ये, म्हणजे ॲपमधल्या कचरापेटीत राहतात, पण पुष्कळांना ते उशिराच कळते.

पैसे वाचवण्यासाठी एकच खाते वापरतो, असे म्हणणाऱ्यांनी गुगल वनचा, म्हणजे गुगलच्या विकतच्या जागेच्या योजनेचा फॅमिली ग्रुप पाहावा. एकाने जागा विकत घेतली की आणखी पाच जणांना ती वापरता येते. ॲपलच्या आयक्लाउडवरही अशीच सोय आहे. खाते, पासवर्ड, फोटो ज्याचे त्याचे. कोणी किती जागा अडवली एवढेच इतरांना दिसते. सासूबाईंनी 8 जीबी भरले हे कळेल, कशाने भरले ते नाही.

जे आधीच अडकले आहेत त्यांनी तडकाफडकी जुने खाते काढू नये. आधी स्वतःच्या मोबाइल नंबरवर नवे खाते उघडावे. जुन्या खात्यातले फोटो गुगल फोटो ॲपमधल्या 'पार्टनर शेअरिंग' या सोयीने नव्यात साठवावेत, नंबरही उतरवून घ्यावेत. सगळे आले याची खात्री झाल्यावर जुने खाते फोनमधून काढावे. नव्या खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' ही यादी असते. तिथे अनोळखी फोन दिसला तर लगेच साइन आउट करावे.

खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्येच सांगितले. पण 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या घरगुती वापराला लागू होत नाही आणि कायद्याने प्रत्येक घराच्या गॅलरीत डोकावावे असे मलाही वाटत नाही. म्हणून अपेक्षा दुकानदारांकडून आहे. ज्याचा फोन त्याच्याच नावाने खाते उघडा आणि पासवर्ड त्यालाच टाकू द्या. बचत गटांच्या बैठकीत योजनांचे ऑनलाइन अर्ज शिकवतात, तिथेही हे दाखवता येईल. दुकानात दहा मिनिटे जास्त लागतील हे खरे, पण कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास गळ्यात मारायला तेवढा वेळ काढतातच की!

आपली,
एक वाचक, मिरज