जर्मन–एस्टोनियन अनुवादक हवेत, पण कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तांत्रिक मजकुरासाठी जर्मन–एस्टोनियन अनुवादक मिळत नाहीत, ही या व्यवसायातली तक्रार खरी आहे. मात्र त्याचा सारा दोष एस्टोनियाच्या जेमतेम १३–१४ लाख लोकसंख्येवर ढकलणे मला पटत नाही.

मागणी कायद्यातूनच येते. युरोपीय संघाच्या २००६/४२ या यंत्रविषयक निर्देशानुसार जर्मन यंत्र एस्टोनियात वापरात आणायचे, तर त्याची सूचनापुस्तिका एस्टोनियनमध्ये द्यावीच लागते. थेट अनुवादक सापडला नाही की अनेकदा इंग्रजीमार्गे काम उरकले जाते, म्हणजे एकाने जर्मनचे इंग्रजी करायचे आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचे एस्टोनियन. मी तपासलेल्या अशा एका पुस्तिकेत बोल्टवर ‘पॅह्केल’, म्हणजे खायचा कठीण कवचाचा दाणा, घट्ट बसवायला सांगितले होते. इंग्रजी ‘नट’ने केलेला हा घात. जर्मनमध्ये बोल्टच्या नटाला ‘मुटर’ म्हणतात, एस्टोनियनने तोच शब्द ‘मुत्तेर’ म्हणून घेतला आहे, आणि थेट वाटेने गेले असते तर ही चूक होण्याचे कारणच नव्हते. (अर्थात जर्मन ‘मुटर’चा दुसरा अर्थ आई, त्यामुळे तिथेही डोळे मिटून चालत नाही.) एस्टोनियातल्या तार्तू शहराच्या विद्यापीठात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शिक्षण जर्मनमधून चाले, इतक्या जुन्या शेजारी भाषांना मध्यस्थ लागावा, हे विचित्रच.

म्हणून शोधाची दिशा बदलावी, असे मला वाटते. जर्मनचा पदवीधर हाती लागला म्हणून त्याला हायड्रॉलिक्सपासून वैद्यकीय उपकरणांपर्यंत सारे सोपवू नये. ‘झिखेरुंग’ हा शब्द विजेच्या आकृतीत फ्यूज असतो, यांत्रिक जोडणीत ती सुटू नये म्हणून केलेली सोय आणि संगणकात बॅकअप. उमेदवाराला हे तिन्ही उतारे देऊन पाहावेत. अनुवादसेवांसाठीच्या आयएसओ १७१०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दुसऱ्या भाषातज्ज्ञाने मुळाशी ताडून तपासणी करणे बंधनकारक आहे, विषयतज्ज्ञाची नजर मात्र ऐच्छिक. या भाषाजोडीत, जर्मन येत नसले तरी चालेल, पण त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एस्टोनियन अभियंत्याकडून अंतिम मसुदा वाचून घ्यावा आणि त्याचे मानधन सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरावे.

आपला,
एक अनुवाद-समन्वयक