मंत्रीसाहेब, टेंडरमध्ये सर्व्हर सांभाळणारेही मोजा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
नमस्कार.

मोठ्या पोर्टलच्या टेंडरमध्ये डेव्हलपर किती, टेस्टर किती, त्यांना अनुभव किती वर्षांचा हे सगळं बारकाईनं लिहिलेलं असतं, आणि सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस, बॅकअप, मॉनिटरिंग एवढ्या सगळ्याला मिळून एक ओळ, 'सपोर्ट : २ व्यक्ती'. वर अपटाइम (साइट चालू राहण्याचा वेळ) मागायचा ९९.९९ टक्के! साहेब, याचा अर्थ महिन्याला साधारण सव्वाचार मिनिटं बंद चालेल, रात्री तीनला फोन वाजला तर माणूस उठून लॅपटॉप उघडेपर्यंतच ती संपतात.

आठवड्याचे तास १६८, ते सगळे दोन माणसांना सांभाळणं शक्य नाही. गूगलमध्ये २००३ पासून सर्व्हर आणि सेवा चालू ठेवण्याचं काम करणाऱ्या वेगळ्या टीम आहेत, त्यांचा हिशोब असा की एकाच ठिकाणाहून चोवीस तास ऑन-कॉल (बिघाड झाला की लगेच फोन उचलायची पाळी) चालवायचं तर किमान ८ जण लागतात, एक मुख्य आणि एक राखीव धरला की प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून एक आठवडा येतो. डेव्हलपर १५ असोत की १५०, हा आकडा काही खाली येत नाही. त्यामुळे '१० डेव्हलपरमागे १ इन्फ्रा' (इन्फ्रा म्हणजे हीच सर्व्हर-नेटवर्क सांभाळणारी माणसं) वगैरे जे गुणोत्तर मीटिंगमध्ये फेकतात ते छोट्या प्रोजेक्टला लावून उपयोग नाही.

डेव्हलपर वाढले की काय होतं हा वेगळा विषय. प्रत्येक परमिशनला, प्रत्येक टेस्ट सर्व्हरला, प्रत्येक डिप्लॉयमेंटला (नवा कोड सर्व्हरवर चढवायला) जर तिकीट, म्हणजे लेखी विनंती, टाकावं लागत असेल तर इन्फ्राची माणसं डेव्हलपरच्याच वेगानं वाढवावी लागणार. हेच काम डेव्हलपरला स्वतः बटण दाबून करता आलं तर तीच टीम कितीतरी जास्त लोकांना पुरते, पण ते बटण बनवायला कुणाचे तरी हात मोकळे हवेत ना! म्हणून गूगलनं रोजच्या ऑपरेशनच्या कामावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली, उरलेला वेळ ऑटोमेशनला. आपल्याकडे (म्हणजे वेंडरकडे, टेंडर घेणाऱ्या कंपनीकडे) माणूस ५० टक्के मोकळा दिसला की लगेच दुसऱ्या प्रोजेक्टवर! आणि रांगेचं साधं गणित बघा, टीम ८० टक्के बिझी असताना तिकीट जेवढं थांबतं, ९० टक्क्यांना त्याच्या दुपटीहून जास्त थांबतं. मग डेव्हलपर बसून राहतात, त्यांचा पगार चालूच.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (डेव्हलपरचा कोड ठेवणारी साइट) इंजिनियरकडून रात्री मुख्य डेटाबेसमधला सुमारे ३०० जीबी डेटा उडाला, नंतर कळलं की रोजचे बॅकअप चालतच नव्हते. सुमारे ६ तासांचा डेटा गेला. त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं की बॅकअप तपासायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. चूक एका माणसाची दिसते पण खरी रिकामी जागा बॅकअप तपासणाऱ्याची होती.

तर मागणी एवढीच, इन्फ्राची टीम टेंडरमध्ये वेगळ्या ओळीत, वेगळ्या बजेटमध्ये दाखवा. चोवीस तास सेवा हवी तर ८ माणसांचे पैसे द्या, नसतील तर अपटाइम ९९.९ वर आणा, म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं मिळतील, बऱ्याचशा फॉर्म भरायच्या साइटला तेवढं पुष्कळ झालं. आणि दर तिमाहीत बॅकअप रिस्टोअर करून दाखवल्याशिवाय वेंडरचं बिल पास करू नका.

आपला,
एक इन्फ्रा इंजिनियर