‘आज संडासला झालं का?’ : वॉर्डातल्या सिस्टरना आभाराचं पत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

हाडांच्या वॉर्डात राउंडला आलेले मोठे डॉक्टर टाके बघतात, एक्स-रे उजेडाला धरतात, अंगठा हलवून दाखवा म्हणतात. तुम्ही मात्र बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता, आवाज खाली न आणता विचारायचात, "आजी, आज संडासला झालं का?" आजी पदर तोंडाला लावायच्या, सुना खिडकीबाहेर बघायच्या. उत्तर मिळेपर्यंत तुम्ही पुढच्या कॉटकडे जात नव्हतात.

त्या प्रश्नाबद्दल, आणि डिस्चार्जच्या दिवशी त्यापाठोपाठ जे जे शिकवलंत त्याबद्दल हे पत्र. लिहिणारे आम्ही म्हणजे खुब्याचं ऑपरेशन झालेली माणसं घरी सांभाळणारे: मुली, सुना, मुलगे, दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या मावशी. पत्र उघडं लिहितोय, कारण ज्यांना तुमच्यासारखी सिस्टर भेटली नाही त्यांच्याही घरात हाच घोळ चालू असतो.

पहिली गोष्ट तुम्ही सांगितलीत ती गोळ्यांची. पेनकिलर सगळ्या एका जातीच्या नसतात. पॅरासिटामॉल पोट धरत नाही, म्हणजे तिच्यानं सहसा बद्धकोष्ठता होत नाही. ट्रामाडॉल मात्र मॉर्फिनच्या भावकीतली. ती दुखणं जिथं थांबवते तिथंच थांबत नाही, आतड्याची लाटेसारखी हालचालही मंद करते. मळ आत रेंगाळतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि शेवटी खडा होतो. या गोळ्यांनी येणारी गुंगी, मळमळ चार-सहा दिवसांत अंगवळणी पडते. बद्धकोष्ठता पडत नाही. म्हणून पोट साफ होण्याचं औषध तक्रार सुरू झाल्यावर मागायचं नसतं. गोळीच्या पहिल्या दिवसापासूनच ते हवं की नको, हे डॉक्टरांना विचारायचं. त्यात लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, उलटी थांबवायची ऑन्डॅनसेट्रॉन, दिवसभर पडून राहणं आणि ‘पचायला हलकं’ म्हणून मऊ भात, साबुदाण्याची खीर, चहा-टोस्ट. प्रत्येक गोष्ट एकेकटी ठीक, सगळ्या एकत्र आल्या की पोट बंद.

पण तुमचे खरे उपकार आहेत ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. ‘जुलाब’ म्हणजे जुलाबच असतात असं नाही, हे तुम्ही शिकवलंत.

होतं असं. सात-आठ दिवस काही झालेलं नसतं, मग अचानक डायपर दिवसातून पाच-सहा वेळा खराब व्हायला लागतो. पातळ, थोडं थोडं, उग्र वासाचं, आणि माणसाला कळतही नाही. घरचे म्हणतात, चला, मोकळं झालं, आता तर जुलाबच लागले. मळ मऊ करणारं लॅक्टुलोजचं औषध बंद होतं, मेडिकलमधून जुलाब थांबवणारं लोपेरामाइड येतं, वर दहीभात. तिन्ही गोष्टी आग विझवायला रॉकेल ओतल्यासारख्या. कारण खाली गुदाशयात मळाचा सुकलेला गोळा अडकून बसलेला असतो आणि त्याच्या मागचा पातळ मळ कडेकडेनं झिरपत असतो. तुम्ही म्हणायचात, "मोरीच्या जाळीत बोळा अडकला तरी पाणी कडेनं जातंच. म्हणून मोरी मोकळी झाली का?" इतकं चपखल आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ओळखायचं कसं, तेही तुम्हीच दाखवलंत. झिरपण्याआधी काही दिवस कोरडे गेलेले असतात. झाल्यावरही ‘अजून आहे’ असं वाटत राहतं. बेंबीच्या डावीकडे खाली हात ठेवला की कधीकधी टणक लागतं. लघवी अडते किंवा थेंब थेंब होते, कारण गोळा मूत्राशयावर दाब देतो. आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं एकाएकी असंबद्ध होतं, ते घरच्यांना ‘भूल उतरली नाही’ असं वाटतं. अशा वेळी डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं की बहुतेकदा मिनिटभरात निदान होतं. गोळा आणखी वर असेल तर पोटाचा एक्स-रे काढावा लागतो. लाजेपायी ही तपासणी नाकारणारी घरं फार आहेत. तपासणी एका मिनिटाची, नाकारण्याची किंमत आठवडाभराची.

घरच्यांनी स्वतः बोटानं खडा काढायला जायचं नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. खुब्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतात. आतलं नाजूक अस्तर खरचटलं तर रक्त थांबत नाही. शिवाय त्या ओढाताणीत नाडी एकदम मंद होऊन भोवळ येऊ शकते. साबणाच्या पाण्याचा एनिमाही नको, आतून जळजळ होऊन सूज येते. मेडिकलमध्ये मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमासुद्धा वयस्कर माणसाला, विशेषतः किडनी कमजोर असेल तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि खाली खडा घट्ट बसलेला असताना वरून जोराच्या गोळ्या देत गेलं तर फक्त मुरडा येतो. आधी खालून मोकळं करायचं, मग वरून औषध.

औषधांच्या वेळा हे दुसरं मोठं प्रकरण. लॅक्टुलोजला गुण यायला २४ ते ४८ तास लागतात. घरी काय होतं? रात्री १५ मिली दिलं, सकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट दिलं, जोडीला शेजारच्यांनी सांगितलेलं चूर्ण. तिसऱ्या दिवशी सगळं एकदम कामाला लागतं, माणूस गळून जातो आणि घरचे घाबरून सगळंच थांबवतात. पेनकिलर चालूच असते, म्हणजे चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुमचा नियम साधा होता: डोस बदलला की दोन दिवस थांबा, मोकळं झालं तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करा, पण ट्रामाडॉल चालू आहे तोवर बंद करू नका. आतड्याला चालना देणाऱ्या बायसॅकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी रात्री घेतली की सहा ते बारा तासांत काम करते. तिच्यावर आवरण असतं, म्हणून ती कुटून द्यायची नाही आणि दुधाबरोबर किंवा अँटासिडच्या आगेमागे तासाभरात द्यायची नाही. आवरण आतड्यात पोचण्याआधी जठरातच विरघळलं तर कळा येतात.

इसबगोलाबद्दल मात्र वाद घालणारे फार. "नैसर्गिक आहे हो!" आहेच. पण ते पाणी पिऊन फुगतं. ज्याचं आतडं गोळ्यांनी मंद झालंय, जो दिवसभरात जेमतेम चार फुलपात्री पाणी पितो, त्याच्या पोटात ते चिकट लगदा होऊन बसतं आणि अडथळा वाढवतं. पेनकिलरनं पोट धरलेलं असताना इसबगोल नाही, हे तुमचं वाक्य आम्ही औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलंय. एरंडेलही नाही. पडून असणाऱ्या, गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला लिक्विड पॅराफिन असलेली पांढरी औषधंही नाहीत, कारण ते तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

पाणी का कमी प्यायलं जातं हेही तुम्हीच हेरलंत. तहान नसते म्हणून नव्हे, तर लघवीला उठवायला कुणाला तरी हाक मारावी लागते म्हणून. त्यावर उपाय असा की दिवसाचं बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत संपवायचं आणि दर दोन तासांनी न विचारताच भांडं समोर धरायचं. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटना पाणी किती, ते डॉक्टर ठरवतील. खाण्याचं फार सांगत नाही: पपई, पेरू, रात्रभर भिजवलेल्या काळ्या मनुका, पालेभाजीचं गरगट, ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून.

सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची कांडी, घालायची पद्धत तर हातात धरून दाखवलीत. साधारणपणे डाव्या कुशीवर झोपवून गुडघे पोटाकडे घेतात. खुब्याच्या पेशंटला किती वळवायचं ते आधी विचारायचं आणि दोन पायांमध्ये उशी ठेवायची. उन्हाळ्यात ती मऊ पडते, म्हणून आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये. व्हॅसलीन लावायचं नाही, नुसती पाण्यात बुडवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बायसॅकोडिलची सपोझिटरी मळात खुपसायची नाही, आतड्याच्या भिंतीला टेकवायची. भिंतीला लागली तरच ती काम करते. मळात रुतली की तशीच बाहेर येते आणि घरचे म्हणतात, औषधच खोटं. १५ मिनिटं ते तासाभरात कळ येते, तेव्हा कमोड आधीच जवळ आणून ठेवायचा.

बसण्याचं गणित खुब्याच्या पेशंटचं उलटं. एरवी कमोडवर बसताना पायाखाली वीतभर उंच चौरंग घेतला, गुडघे कमरेच्या वर आले, की मार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. पण खुब्याचा सांधा बदललेला असेल तर बऱ्याच पेशंटना पहिले काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायची मनाई असते, नाहीतर सांधा निखळू शकतो. म्हणून चौरंग नाही, पुढं वाकणं नाही. उंच कमोड, ऑपरेशनचा पाय किंचित पुढं, पाठीला आधार, आणि दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली. पाय लोंबकळत असतील तर जोर लागतच नाही. सांधा न बदलता मोडलेल्या हाडात सळई घातलेल्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते ज्यानं त्यानं आपल्या सर्जनना विचारावेत. वेळ सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर वीसेक मिनिटांनी, कारण पोटात काही पडलं की आतडं आपोआप हलतं. दहा मिनिटांत नाही झालं तर उठवायचं. दार ओढून घ्यायचं, माणूस हाकेच्या अंतरावर ठेवायचा, रेडिओ लावायचा. सून दारात उभी असताना सासऱ्यांना होत नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

धोक्याची खूण तुम्ही एका दमात सांगितलीत: पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि गॅसही सरत नाही, तर घरी काहीही द्यायचं नाही, थेट दवाखान्यात. रक्त किंवा ताप असेल तरी तसंच.

आणि ती वही. शंभर पानी, डाव्या पानावर तारीख-वेळ, उजवीकडे आकडा. १ म्हणजे बकरीच्या लेंड्या, ४ म्हणजे सोललेल्या केळ्यासारखं, ७ म्हणजे नुसतं पाणी. ब्रिस्टल नावाचा तक्ता असतो म्हणालात, पण लेंड्या आणि केळं तुमचंच. सलग दोन दिवस रिकामे गेले तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन करायचा. फॉलोअपला गेल्यावर "बरं आहे" असं मोघम न सांगता वही पुढं केली की डॉक्टर दोन मिनिटांत औषध बदलून देतात. आता घरात सकाळी पहिला प्रश्न तोच विचारला जातो, आणि आजी पदर तोंडाला न लावता आकडा सांगतात.

तुमचे ऋणी,
घरी पेशंट सांभाळणारे आम्ही सगळे

ता. क. लोहाच्या गोळीनं मळ काळा होतो, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत म्हणून रात्रीचे कितीतरी फोन वाचले. डांबरासारखा चिकट आणि घाण वासाचा काळा असेल तर मात्र ते पोटातलं रक्त असू शकतं, त्यासाठी थांबायचं नाही, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.