पुएब्लातल्या खानावळवाल्या सेन्योरांना

आदरणीय सेन्योरा,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुम्हाला कुणाकडून तरी समजावून घ्यावं लागेल. पण फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आहे तसा पुएब्लालाही आहे, आणि गाड्यांच्या धंद्यातलं आमच्याकडचं कुणी ना कुणी मेक्सिकोला येत असतंच. तुमचे आभार त्यांच्या देखत मानायचे होते.

स्पॅनिशमधलं ‘केदार’ हे क्रियापद तुमच्यामुळे कळलं. (नाव ऐकून मराठी माणसाला आधी हसू येतं, आमच्याकडे गल्लोगल्ली एक केदार असतो.) पुण्याच्या क्लासच्या वहीत त्याच्यासमोर रांगेने अर्थ लिहिलेले होते: उरणे, राहणे, असणे, ठरणे, शोभणे. पण बोलणारा काही वही उघडेपर्यंत थांबत नाही.

तुम्ही अर्थ सांगायच्या भानगडीत पडलाच नाहीत. दुपारची गर्दी ओसरली की मी विचारायचे, “केदा आर्रोस?” तुम्ही पातेलं माझ्याकडे तिरकं करायचात: “केदा पोकितो.” तळाशी पळीभर भात राहिलेला. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच तुमचा प्रश्न, “केदो रिको?” म्हणजे छान झालाय ना? आणि निघताना मी “केदेसे कोन एल काम्ब्यो” म्हटलं, सुट्टे राहू द्या, की तुम्ही ते मोजून माझ्याच हातावर ठेवायचात.

मग एकदा ओटा पुसता पुसता म्हणालात, काहीतरी होऊन गेल्यावर मागे काय आहे ते बघ. वाढून झाल्यावर पातेल्यात काय आहे, शिजल्यावर चव कशी आहे, शर्ट घातल्यावर कसा दिसतो, बोलणी झाल्यावर काय ठरलं. सगळीकडे केदार! मी म्हटलं, मग “बाजार कुठे केदा?” असं का विचारतात? तुम्ही खांदे उडवलेत: बाजार कुठे हलतो का? खरंच, घर, बाजार, गाव अशा एका जागी असणाऱ्या गोष्टींनाच ते चालतं. किल्ल्या कुठे आहेत विचारायचं तर ‘एस्तार’, म्हणजे ‘असणे’चं दुसरं क्रियापद.

आमचं ‘राहणे’ या केदारबरोबर बरंच लांबवर येतं. तुमच्याकडे बाई गरोदर ‘केदा’ होते, आमच्याकडे तिला दिवस राहतात. लग्न न झालेल्या बाईला तुमच्याकडे ‘केदादा’ म्हणतात, आमच्याकडेही “तिचं राहूनच गेलं” म्हणतात. दोन्हीकडे तितकंच आगाऊ.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते मात्र “मे केदो माल”. भाताबद्दल म्हटलं तर भात बिघडला. तेच नळ दुरुस्त करणाऱ्याबद्दल म्हटलं तर तो येतो म्हणाला आणि आलाच नाही. शब्द तेच, फक्त कुणाबद्दल बोलताय ते बघायचं. गॅसवाला सिलिंडर जोडून हात झटकत “या केदो” म्हणाला की काम झालं. आणि “मे केदे सिन गास” म्हणजे गॅस संपला. ‘कोन’ (सह) आलं की ठेवून घेणं, ‘सिन’ (शिवाय) आलं की संपणं. हे कानात बसल्यावर मीटिंगा सोप्या झाल्या. सप्लायर “केदामोस एन के…”, म्हणजे ‘आपलं ठरलं की…’, म्हणाला की मी पेन उचलते, कारण पुढे येतं ते ठरलेलं असतं. (माद्रिदमध्ये नुसतं “केदामोस?” म्हणजे भेटायचं का, हेही तुमच्याकडूनच कळलं.)

एवढं सगळं तुम्ही जेवणाच्या पैशांत शिकवलंत. मनापासून आभार.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची इंजिनिअर

ता. क. खमाइकाच्या सरबताची सुकी फुलं म्हणजे आमची लाल अंबाडी, हे कळल्यापासून आई ती शोधून आणते. सरबत मी करते आणि दर वेळी मे केदा माल, एक तर आंबट नाहीतर पाणचट. फुलं किती, पाणी किती, तेवढं कळवा.