वारसांच्या यादीतून आजी का गळते?

महोदय,

कोथरूड, सहकारनगर भागातल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या, की घराघरांतली वारसाची भांडणे वर येतात. वडील जाऊन पंधरा-वीस वर्षे झालेली, शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून एका मुलाचे नाव चढलेले आणि घर आपलेच असे तो धरून चाललेला. नॉमिनी मालक नसतो. सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर वारस ठरेपर्यंत सोसायटी त्याला तात्पुरता सभासदच करून घेते. कराच्या बिलावर किंवा सातबाऱ्यावर नाव लागल्यानेही मालकी येत नाही.

मूळ चूक होते ती वारसांची यादी करताना. बहिणींना वगळले तर निदान कोणीतरी बोलते. आजी, म्हणजे गेलेल्याची आई, मात्र सर्रास गळते. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याची आई ही पत्नी-मुलांइतकीच पहिल्या वर्गातली वारस. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित फ्लॅटचे पाच समान हिस्से पडतात. पुढे ती आजी, आजोबांच्या मागे आणि मृत्युपत्राविना गेली, की तिचा १/५ हिस्सा तिच्या मुलांत वाटला जातो. एक काका आणि एक आत्या असेल, तर त्यांना प्रत्येकी १/१५, उरलेला, म्हणजे आधीच गेलेल्या मुलाचा, १/१५ या तीन नातवंडांत मिळून. वीस वर्षांनी आत्याच्या मुलाची नोटीस आली, की घरच्यांना ती कुरापत वाटते. पण त्याचा हक्क खरा असतो.

म्हणून वारसांच्या प्रतिज्ञापत्रात मृत्यूच्या तारखेला हयात असलेले सगळे वारस लिहावेत, त्यानंतर गेलेलेसुद्धा. ज्यांना हिस्सा नको, त्यांनी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्र करून द्यावे. पाचशेच्या स्टॅम्पवर 'आमची हरकत नाही' लिहून नोटरी केली, तर तेवढ्याने हिस्सा सुटत नाही. कोर्टात नेमका हाच कागद दगा देतो. विधवा आईने मात्र मुलांच्या भिडेखातर स्वतःचा हिस्सा कधीही सोडू नये, असे आमचे ठाम मत आहे.

मृत्युपत्र असेल तर दोन साक्षीदार हवेतच. वाद झाला, की त्यांतला निदान एक कोर्टात उभा करावा लागतो. ऐंशीच्या घरातले मित्र साक्षीला घेतले, तर त्या वेळी कोणीच उरलेले नसते.

शहरातल्या सोसायट्यांना एक विनंती : नावबदलाच्या अर्जात 'मृत्यूच्या दिवशी सभासदाची आई हयात होती का?' हा प्रश्न छापून घ्या.

– दिवाणी न्यायालयातील काही वकील, शिवाजीनगर, पुणे