मॅडमच्या वहीतले ‘स्व.’ : क्रीडा निधीसाठी आवाहन

आदरणीय सभासद, माजी विद्यार्थी-विद्यार्थिनी आणि हितचिंतक यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र खरे तर गणपतीच्या आधीच आपल्या हाती पडायला हवे होते. उशीर झाला, दोष माझा. आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि मंडळाचा ऑडिट एकाच आठवड्यात आले, हे एक कारण. दुसरे कारण असे की गेल्या वर्षीच्या आवाहनाचा अनुभव आठवला की हात लिहायला वळत नव्हता. त्याबद्दल पुढे लिहितोच, कारण न लिहिता राहवणार नाही.

आधी आनंदाची गोष्ट. ग्वाल्हेरच्या आपल्या महाविद्यालयाच्या मुलींनी आंतरमहाविद्यालयीन ॲथलेटिक्सचे सांघिक विजेतेपद सलग दुसऱ्या वर्षी राखले. मुलगे तिसरे आले. आपल्या पटावर जेमतेम साडेसहाशे मुले आहेत. मैदानात ४०० मीटरचा ट्रॅक बसतच नाही. बसतो तो २०० चा, तोही कोपऱ्यातल्या कडुलिंबाला वळसा घालून. ज्यांच्या एकेका वर्गात आपल्या अख्ख्या कॉलेजाएवढी मुले असतात, त्यांच्यापुढे आपल्या मुली ढाल घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा आपले अध्यक्षकाका प्रेक्षकांत बसून उघड उघड रडले. ते नाही म्हणतील, पण शेजारी मी होतो.

हे कोणी केले ते आपल्याला सांगायला नको. आपल्या क्रीडा शिक्षिका मॅडम नऊ वर्षांपूर्वी आल्या त्या अतिथी विद्वान (मानधनावरच्या तात्पुरत्या शिक्षिका) म्हणून, एका सत्रापुरत्या. क्रीडा विभाग म्हणजे तेव्हा जिन्याखालची एक खोली, तडा गेलेली एक थाळी, दोन भाले (त्यातला एक बिनटोकाचा) आणि दोन गोळे. पैकी एक गोळा कार्यालयाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेला असे. मॅडमनी पहिल्या दिवशी तो उचलला आणि दाराला वीट लावली. ती वीट अजून तिथेच आहे.

त्यांनी पहिल्या वर्षी एकही पदक आणले नाही. स्पर्धा बघितल्या, वहीत लिहून घेतले आणि परत आल्यावर आम्हाला जे सांगितले ते तेव्हा आम्हाला काही पटले नव्हते. शंभर मीटरला मुलींची रांग लागते, हॅमरला (हातोडाफेकीला) चौघी येतात, चालण्याच्या शर्यतीला कधी कधी तिघी. पण गुण सगळीकडे तेच, पहिलीला ५, दुसरीला ३, तिसरीला १. ‘आपल्याकडे वेगवान मुली येणार नाहीत, येतील त्या मोठ्या कॉलेजात जातील. आपण हॅमर, हर्डल्स, ट्रिपल जंप आणि वॉक करायचे,’ असे त्या म्हणाल्या. कार्यकारिणीत हसणे झाले. हसणाऱ्यांत मीही होतो, हे नोंदवून ठेवतो.

मग भिंडकडच्या खेड्यातून आलेली एक दणकट मुलगी त्यांनी हेरली. चार किलोचा गोळा तारेला बांधून गरगर फिरवायचा आणि सोडून द्यायचा, हे शिकवायला पोरीला शहरात ठेवले का, असे विचारायला तिचे वडील थेट कॉलेजात आले होते. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि मैदानावर नेऊन हॅमर त्यांच्याच हातात दिला. त्यांचा हॅमर मागे गेला. तेव्हापासून ते गृहस्थ दर स्पर्धेला येतात.

चालण्याच्या शर्यतीची तर फार थट्टा झाली. पाय जमिनीला टेकल्यापासून अंगाखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये, असा तो नियम. त्यामुळे कंबर हलते आणि रस्त्यावरची पोरे शिट्ट्या मारतात. मॅडम महिनाभर पहाटे त्या दोन मुलींबरोबर स्वतः तसेच चालल्या, मैदान ते महाराज बाडा आणि परत. शिट्ट्या आपोआप थांबल्या.

आपल्याकडचे हवामान आपण जाणताच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, म्हणून सराव पहाटे पाचला. जानेवारीत धुके असे की कडुलिंबही दिसत नाही. त्यावर मॅडमची युक्ती अशी की प्रत्येकाने वळणावर आपला नंबर ओरडायचा. आजूबाजूच्या घरांतून तक्रारी आल्या, त्याही मॅडमनीच घरोघर जाऊन मिटवल्या. परीक्षा आणि स्पर्धा एका दिवशी आल्या तर प्राचार्यांकडे त्याच जातात. कुणाची हजेरी कमी भरली तर आईला भेटायला घरी त्याच जातात.

आता ज्यांच्या आधारावर हे सारे उभे राहिले त्यांचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दौलतगंजातल्या आपल्या कापडवाल्या काकांनी सलग चार वर्षे ट्रॅकसूटचे कापड दिले, आणि शिवणाऱ्या काकूंनी शिलाई घेतली नाही. कंपू भागातल्या आजींनी यजमानांच्या पश्चात मिळालेले पहिले पेन्शन जसेच्या तसे पाकिटात घालून आणून दिले आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. दुधाचे बिल दोन दोन महिने थकले तरी दूध देणे न थांबवणारे आपले दूधवाले भैय्या, मुलींना स्पर्धेच्या दिवशी पहाटे बेडई (डाळ भरून तळलेली पुरी) खायला घालायचा हट्ट धरणारे (आणि मॅडमची बोलणी खाणारे) माजी अध्यक्ष, बेंगळुरूहून दर वाढदिवसाला न चुकता पैसे पाठवणारी १९९८ च्या बॅचची ती तिघे, या सर्वांचे मंडळ ऋणी आहे.

आणि बिर्लानगरचे मिस्त्री. मिल बंद पडल्यावर हजिरा भागात वेल्डिंगचे दुकान टाकलेले हे मिस्त्री मराठी नाहीत, माजी विद्यार्थी नाहीत, त्यांचे कोणीही आपल्या कॉलेजात नाही. त्यांनी भंगारातल्या पाइपांचे दहा हर्डल्स करून दिले. मुलींच्या शर्यतीसाठी उंची बरोबर ८४ सेंटिमीटर. पण पहिल्या दिवशी ते धक्का लागला तरी पडेनात, आणि तीन मुलींचे गुडघे फुटले. मिस्त्रींनी ते पाहिले, रात्री दहाही हर्डल्स दुकानात परत नेले, पायांतली वजने सरकवून सरकवून आडव्या फळीला साधारण चार किलोच्या धक्क्याने ते पडतील असे केले, आणि सकाळी साडेपाचला टेम्पोने आणून पोचवले. टेम्पोचे भाडेही घेतले नाही. हर्डल्सची सुवर्णपदके आम्ही त्यांच्याच दुकानात नेऊन दाखवतो.

आता ती दुसरी गोष्ट, गेल्या वर्षीच्या आवाहनाची.

ग्वाल्हेरला खेळाचे वावडे आहे असे कोण म्हणेल? १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवरच्या २४-१ अशा विजयात १० गोल एकट्याने करणारे कॅप्टन रूपसिंग आपले. त्यांच्या नावाच्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने नाबाद २०० केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक. ‘त्या दिवशी मी तिथे होतो’ असे सांगणारे मला आजवर जेवढे भेटले तेवढे त्या स्टेडियममध्ये मावतील की नाही शंका आहे. देशभराला शारीरिक शिक्षक पुरवणारी लक्ष्मीबाईंच्या नावाची संस्था १९५७ पासून आपल्याच शहरात आहे, आणि मॅडम तिथेच शिकल्या. कौतुकाला इथे तोटा नाही. पण गेल्या वर्षी मंडळाने १४० पत्रे पाठवली. उत्तरे आली ११. त्यातली दोन ‘आमचे नाव यादीतून कमी करावे’ अशी. विजयाच्या मिरवणुकीत ढालीबरोबर फोटो काढून घेणारे मात्र मी स्वतः मोजले, साठ तरी होते. कुणाचे मन दुखवायचे नाही, फक्त झाले ते सांगितले.

हे सगळे एक वेळ चालले असते. पण ऑडिटच्या वेळी खजिनदारांनी मॅडमची खर्चाची वही मागून घेतली. त्यांची प्रत्येक नोंद काटेकोर असते, हे आपण जाणता; केळी किती डझन, भाला दुरुस्ती किती, भोपाळला जायचे भाडे किती, आणि शेवटच्या रकान्यात पैसे कुठून आले. कुठे ‘मंडळ’, कुठे ‘कॉलेज’, आणि पानोपानी ‘स्व.’. खजिनदारांना वाटले कुणातरी स्वर्गीय व्यक्तीच्या स्मरणार्थ देणगी असावी. ते म्हणाले, ‘मॅडम, हे स्व. म्हणजे कोण? पुढे नाव लिहायचे राहिले आहे. पावतीही दिलेली दिसत नाही.’ मॅडम काही बोलल्या नाहीत. वही मागायला हात पुढे केला. मग आम्हाला उमगले की ते ‘स्वतः’ होते.

नऊ वर्षांच्या ‘स्व.’ची बेरीज आम्ही त्याच रात्री केली. १,८६,४०० रुपये. अतिथी विद्वानाला सुट्टीतले महिने मानधनाविना काढावे लागतात हे आपल्यातल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. ही रक्कम परत करण्याचा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला आणि मॅडमनी तो तितक्याच ठामपणे नाकारला. म्हणून तो आकडा खालच्या हिशेबात धरलेला नाही. पण यापुढे त्या रकान्यात ‘स्व.’ येणार नाही, असा दुसरा ठराव आम्ही केला आहे, आणि तो पाळणे आपल्या हाती आहे.

निकड सगळ्यात जास्त हॅमरच्या जाळीची. उन्हाळ्यात सरावात एकीचा हॅमर निसटला आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वाटेपासून पाच पावलांवर पडला. कुणाला लागले नाही, देवाची कृपा. प्राचार्यांनी सराव बंद केला आणि ते बरोबरच केले. तेव्हापासून आपली विजेती जिन्याखाली दोरीला वाळूची पिशवी बांधून नुसत्या गिरक्या घेते आहे. मागच्या बाजूला ७ मीटर उंच जाळी, खांब आणि २.१३५ मीटर व्यासाचे काँक्रीटचे वर्तुळ झाले की सराव सुरू होईल. खांबांचे काम कोण करणार ते आपण ओळखलेच असेल. मिस्त्रींनी मजुरी सांगितलेली नाही, फक्त पाइपांची किंमत धरली आहे.

हिशेब असा : जाळी, खांब, वर्तुळ १,४०,०००, स्पाइक्सचे (खिळ्यांच्या बुटांचे) १२ जोड ४२,००० (मातीवरच्या जुन्या लांब खिळ्यांच्या जोड्या सिंथेटिक ट्रॅकवर चालत नाहीत, तिथे खिळा ९ मिलिमीटरच्या वर नको, गेल्या वर्षी भोपाळला मुलींनी दुसऱ्यांचे बूट मागून घातले), उडीच्या खड्ड्याची वाळू १४,०००, प्रवास ६०,०००, यात एक दिवस आधी पोचण्याचा खर्च धरला आहे, रात्रभर जनरल डब्यात उभे राहून सकाळी धावायला लावणे आता पुरे, दूध, अंडी, केळी, गूळ-चणे २४ मुलांना रोज प्रत्येकी ४० प्रमाणे महिन्याचे २६ दिवस, पाच महिने १,२४,८००. एकूण ३,८०,८००. शिल्लक ७१,३००. हवेत ३,०९,५०० रुपये, आणि दिवाळीपूर्वी, कारण स्पर्धा दिवाळीनंतर लगेच. ९६० रुपयांत सगळ्या मुलांचा एक दिवसाचा खुराक होतो. वाढदिवस, पुण्यतिथी, नातवाचे बारसे, कोणताही दिवस घ्या, त्या दिवशी फळ्यावर नाव लिहू. अंड्यांमुळे ज्यांनी मागे पावती परत केली त्यांनी दुधाची फाडावी, वेगळी वही ठेवली आहे. ८०जी (देणगीवर आयकरात सवलत देणारे प्रमाणपत्र) अजून मिळालेले नाही, आधीच सांगतो. धनादेश मंडळाच्या नावे. रोख असेल तर कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८, रविवार बंद, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. खाते क्रमांक हवा असेल तर माझा नंबर सर्वांकडे आहेच, दुपारी मात्र शाळेत असतो.

आपला नम्र,
कार्यवाह

ता. क. : घरात कुणाचे जुने स्पाइक्स पडून असतील तर तेही चालतील. मुलींसाठी ४ ते ६ नंबर, मुलांसाठी ७ ते ९. खिळे हरवले असले तरी हरकत नाही, पण ते काढायची किल्ली असेल तर जरूर द्यावी. विभागात एकच आहे आणि ती मॅडमच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते.